तिर्सोच्या गॅरेजमधली राखण

बागियोच्या घाटाखालच्या रोझारियोत गाडी दुरुस्तीला टाकायची म्हणजे सोबत एक माणूसही टाकावा लागतो. गाडी एकटी सोडली की तिच्यातला चांगला भाग जाऊन त्या जागी कुणाचा टाकाऊ भाग बसेल, याचा काही नेम नाही. म्हणून मालक मंडळी गॅरेजच्या बाकावर ठाण मांडून मेकॅनिकच्या हातांवर डोळे ठेवतात. ज्यांना तेवढी सवड नसते, ते सोलिंगला बसवतात.

सोलिंग विधवा, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. नवरा जीपनी, म्हणजे प्रवासी जीप, चालवायचा, त्यामुळे गाडीच्या पोटात काय असतं ते तिला पाठ. प्लॅस्टिकचं स्टूल, हातपंखा आणि पर्समध्ये लाल नेलपॉलिशची बाटली, एवढ्यावर तिचा धंदा चाले. चाक उघडलं की "बघू रे, बघू" म्हणत ती वाकायची आणि झिजलेल्या भागांवर गुपचूप एकेक ठिपका ठेवायची. काम झाल्यावर जुने भाग खोक्यात परत मिळत, तेव्हा ती ठिपके शोधायची. ठिपका नसला की जुना भाग गाडीतच राहिला हे उघड, मग गॅरेजवाल्याची धडगत नसे. मेकॅनिक तिला 'फौजदारीणबाई' म्हणत, आणि काही नग तर तोंडावरच म्हणत.

त्या दिवशी मात्र फौजदारीणबाई स्टुलावर अंग चोरून बसली होती. गॅरेज तिर्सोचं होतं. तिर्सो तिच्या मुलाचा, रोमेलचा निनाँग, म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याला बाळ त्याच्याच हातात होतं, आणि नवरा गेल्यावर रोमेलची शाळा त्यानेच पार पाडली. बाप्तिस्म्यापासूनच ती त्याची कुमारे आणि तो तिचा कुम्पारे, म्हणजे मानलेली बहीणभाऊच. त्याच्याकडे राखणीला बसणं म्हणजे भावाच्या घरी जेवायला जाऊन भात हुंगून बघण्यासारखं. पण लुअल्हाती मॅडमनी आपली व्हॅन नेमकी इथेच टाकली होती. उद्या पहाटे ती लग्नाचं वऱ्हाड घेऊन बागियोला चढणार, संध्याकाळी तोच घाट उतरणार. पुढचे ब्रेक पॅड झिजलेले. आणि मॅडमचा ड्रायव्हर तापाने आडवा झाल्यामुळे गाडी चालवणार होता रोमेल.

तिर्सोला हे ठाऊक नव्हतं. सांगायचं सोलिंगच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने गिळलं. 'रोमेल आहे म्हटलं की हा जीव ओतून काम करेल, पण मला बघायचंय की कुणीही असलं तरी करतो का.' माझं मत विचाराल तर हा हट्ट वेडेपणाचा होता. पण वीस गॅरेजं पारखलेल्या बाईला एक तरी माणूस सरळ निघावा असं वाटणारच.

चाकं उघडली. तिचा हात सवयीने पर्समध्ये गेला, चारी पॅडवर ठिपके पडले, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"कुमारे!" तिर्सोच्या बायकोने आतून हाक दिली. "तुरोन गरम आहेत. ये लवकर. की आमच्यावरही पहारा आहे?"

यावर नाही कसं म्हणणार? ती आत गेली. तळलेली केळी, कॉफी, कुणाची सून कशी आहे, हे सगळं होईपर्यंत वेळ गेला. बाहेर आली तेव्हा चाकं चढली होती आणि जुने पॅड खोक्यात घालून तयार होते.

तिने खोकं उघडलं. दोन पॅडवर लाल ठिपका होता. दोन कोरे होते.

ती खोकं घेऊन तिर्सोपाशी गेली. "कुम्पारे, चाकं उतरव."

"का गं?"

"या दोन पॅडवर माझी खूण नाही."

तिर्सोचा चेहरा उतरला. "माझ्या इथेही खुणा केल्यास? रॉकेलने धुतले ते. निघाला असेल तुझा रंग."

असेल, तिला वाटलं. देवा, तसंच असू दे. "तरी उतरव."

गॅरेजमधले सगळे हात थांबले. तिर्सोने जॅक लावला आणि डावं चाक काढलं. आत पॅड नवे करकरीत.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "रोमेलला मी पोटच्या पोरासारखा वाढवला, कुमारे. आणि तू या लोकांसमोर मला चोर ठरवतेस."

कुणीतरी फिस्कन हसलं. सोलिंगचे कान तापले. तिला रडू येत होतं. माफी मागावी, स्टूल उचलावं, घर गाठावं. पण घाटातली वळणं डोळ्यांपुढून हलेनात. एकाच बाजूचा ब्रेक घट्ट धरला की उतारावर गाडी कुठे ओढली जाते ते तिला माहीत होतं.

"आता उजवं," ती म्हणाली.

तिर्सोने पाना उचलला नाही. तो हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"नव्यातली एक जोडी दुसऱ्या गाडीला गेली गं, उजवीकडे जुनीच आहे," शेवटी तो हळूच म्हणाला. "परवा माल येतोय. आल्यावर बदलून दिली असती. मॅडमच्या ड्रायव्हरला कळलंही नसतं."

"ड्रायव्हर आजारी आहे. उद्या रोमेल जातोय."

तिर्सो मटकन खाली बसला. "आधी का नाही बोललीस? माझ्या रोमेलसाठी मी असं केलं असतं का? आईची शपथ, मला माहीत असतं तर..."

"तेच म्हणते मी, कुम्पारे. माहीत असतं तर."

तो उठला. मग स्वतः मोटरसायकल काढून पार दामोर्तिसपर्यंत गेला, जोडी घेऊन आला आणि कुणाला हात लावू न देता स्वतः बसवली. सोलिंग शेजारी उभी होती. या खेपेला तुरोनसाठी कुणी बोलावलं नाही.

अंधार पडता पडता रोमेल गाडी न्यायला आला. आल्याआल्या आशीर्वादासाठी निनाँगचा हात कपाळाला लावायला वाकला. तिर्सोने हात मागे घेतला. "तेलकट आहे रे."

"मग काय झालं?" म्हणत पोराने तो ओढून कपाळाला लावलाच. मग आईकडे आणि तिच्या स्टुलाकडे बघून हसला. "आई! निनाँगकडेही राखण? कमाल केलीस. जरा तरी लाज ठेवायचीस."

सोलिंग स्टूल उचलायला वाकली.

"रोमेल," तिर्सो म्हणाला. तो पोराकडे बघत नव्हता. "तुझी आई इथे बसली तर बसू दे. मी सांगितलं तरी उठवू नकोस."