एक चमचा तेल

लष्करी वर्कशॉपात चार वर्षं मोटारी उघडून-जोडून मी घरी परतलो, तेव्हा वडिलांनी कौतुक वगैरे काही केलं नाही. माझा चहा संपायच्या आत म्हणाले, "ती गाडी तेवढी सुरू कर. सगळं तिच्यापायी आडलंय."

गाडी थोरल्या भावाची. जुनी, कापडी टपाची. म्हसवड ते दहिवडी तो ती भाड्यानं फिरवायचा. लढाई लागली, पेट्रोलला कुपनं आली आणि गाडी गोठ्याशेजारच्या छपरात ठोकळ्यांवर चढली. भाऊ ड्रायव्हर म्हणून पलटणीत गेला. जाताना त्यानं वहिनींना प्लग काढायला शिकवलं आणि बजावलं, "दर रविवारी चारी भोकांत एकेक चमचा तेल सोडायचं आन् हँडल फिरवायचं. मी आलो की लगीच सुरू झाली पायजे."

तो ब्रह्मदेशच्या बाजूला बेपत्ता झाला. पुढं 'मेला असे समजावे' असं सरकारी पत्र आलं. त्यालाही वर्ष उलटलं होतं. दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकावं असं वडील म्हणत होते. वहिनी कुंकू पुसायला तयार नव्हत्या. भांडत नव्हत्या, रडतही नव्हत्या. एवढंच म्हणायच्या, "गाडी त्येंनी माझ्या हवाली केली, आन् ती आडलीया. त्येंची ठेव बिघडवून मी कपाळ पुसायची न्हाई. सुरू करून द्या, मग तुमी म्हनाल ते करते."

हँडल फिरायचं थांबलं ते पत्र यायच्या महिनाभर आधी. हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. "भावजी, म्या एक रविवार चुकवला न्हाई. मग आडली कशानं?"

मी इंजिनाचं डोकं उतरवलं आणि बघतच राहिलो. जुन्या कढईच्या काठाला बसतो तसला पिवळा चिकटा चारी पिस्टनांभोवती बसून खडखडीत वाळला होता.

"तेल कुठलं सोडत होता, वैनी?"

"त्येंनी दिलेला डबा सालभरात सरला. मग आपल्या घाण्याचं. करडईचं, ताजं."

आमच्याकडं बैलगाडीच्या आखाला, दाराच्या बिजागरीला आणि तान्ह्या पोराच्या टाळूला तेच तेल. यंत्राला वेगळं लागतं हे सांगायचं भावाच्या ध्यानात आलं नाही, आणि विचारायचं वहिनींच्या. आईनं मागाहून सांगितलं की, वर्षभर त्यांनी स्वतः कोरडी चटणी खाल्ली होती. वाटणीचं तेल गाडीला जात होतं.

"गंज चढलाय," मी म्हणालो. पावसाचं तोंड दिसायची मारामार आमच्या माण तालुक्यात, आणि म्हणे गंज! खोटं बोलायलाही अक्कल लागते. पण वहिनींनी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

गाडी कामातून गेली, असं म्हणून मला तिथंच थांबता आलं असतं. वडील दोन दिवस फुरंगटले असते, आणि वहिनींचं कुंकू राहिलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी नवा नवा मिस्त्री. अडलेलं इंजिन दिसलं की हात वळवळायचे. शिवाय गावात चार लोकांनी 'बघू पलटणीत काय शिकून आलास' म्हणून डिवचलं होतं. घरातलं होतं नव्हतं तेवढं रॉकेल मी सिलिंडरांत ओतलं. दोन दिवस आम्ही ऊन असतानाच जेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी लाकडाचा तुकडा ठेवून ठोकता ठोकता एक पिस्टन केसभर सरकला, आणि मी चक्क शीळ घातली. त्या शिळेची मला आजही लाज वाटते.

पुढचं खरवडणं, धुणं, जोडणं यात आठवडा गेला. ओळखीच्या एकाकडून बाटलीभर पेट्रोल मिळालं. सकाळी वहिनी छपराच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. हँडलच्या सातव्या-आठव्या फेऱ्याला इंजिन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. सायलेन्सरच्या पोटात साठून राहिलेलं तेल तापलं आणि निळा धूर अंगणभर पसरला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "आवं, आज सण कसला? काय तळताय?"

वहिनींनी मान वर केली. वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्यो गंजाचा वास न्हाई, भावजी."

मी उगाच बॉनेट पुसू लागलो.

"म्हंजे माझ्याच हातानं आडली."

मी इंजिन बंद करायला हात पुढं केला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. हाय तवर चालू द्या."

त्या गाडीच्या पायरीवर बसल्या. पाव तास असेल, जास्त नाही. वडील दारात आले, त्यांना बघून तसेच आत गेले. पेट्रोल संपलं तसं इंजिनानं दोन आचके दिले आणि थांबलं. मग वहिनी उठल्या. हँडल काढून पदरानं पुसलं आणि रविवारी अडकवायच्या तसं खुंटीला अडकवलं.

"मामंजींस्नी सांगा," म्हणाल्या, "गाडी सुरू झाली."