एकाच सळईचे तुकडे

रंजनाचा फोन आला तेव्हा मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सळईचा नमुना ताणून पाहण्यासाठी यंत्रावर लावत होतो. "दादा, लवकर या. हे उठून नाही राहिले..." एवढंच ती बोलू शकली. तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ सुधीर, सकाळचा चहा घेऊन जरा आडवा झाला होता, तो उठलाच नाही. मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि उकाडा असह्य होता. मागच्या खोलीतला कूलर पुढे आणा, असं कुणीतरी म्हणालं. रंजना म्हणाली, "तो राहू द्या तिथंच. त्यांचं मशीन चालू आहे."

त्या कूलरवरून घरात पुष्कळ थट्टा चालायची. सुधीर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर घन पदार्थातले अणू हलवून पाहायचा. बॅटरीत द्रवाऐवजी घन पदार्थ घातला, तर त्यातून लिथियमचे कण किती वेगाने पसरतील, हा त्याचा विषय. आमच्या रायपूरच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापून बंद पडू नये म्हणून कूलरचं तोंड कायम त्याच्याकडे. "मले आकडे काढता आले असते तर माझ्याकडंही फिरला असता," रंजना म्हणायची.

त्याची विद्यार्थिनी पूजा. तिच्या पीएचडीचा सगळा भार एका दाव्यावर होता, की त्यांच्या पदार्थातून कण नेहमीच्या पदार्थापेक्षा वेगाने जातात. आलेखाची रेघ सरळ आली, उत्तर किती इकडे-तिकडे होऊ शकतं ते दाखवणारा पट्टाही अगदी अरुंद निघाला. पूजा पेढे घेऊन आली. सुधीरने पेढा खाल्ला आणि म्हणाला, हा पट्टा खोटा आहे.

"काहून? रेघ तर सरळ आहे," मी म्हटलं.

"दादा, एकाच सळईचे दहा तुकडे तपासले तर आकडे कसे येतील?"

"जवळजवळ सारखे."

"मग दहा सळया तपासल्या असं लिहशील?"

"नोकरी जाईल माझी."

"मी तेच करून राहिलो ना! रेघेवरचे हे सारे ठिपके कणांच्या एकाच प्रवासातले आहेत. प्रत्येकात आधीचा ठिपका बसला आहे. रेघेले वाटते, लय साक्षीदार आले... साक्षीदार एकच, तोच कपडे बदलून येऊन राहिला."

मग त्याने ठरवलं की पदार्थ तोच ठेवायचा, पण प्रत्येक वेळी अणूंना नवा धक्का देऊन अगदी पहिल्यापासून सुरुवात करायची. अशा वेगवेगळ्या फेऱ्यांची उत्तरं एकमेकांपासून जितकी लांब पडतील, तितकी खरी अनिश्चितता. एकेका फेरीला आठवडे लागत. "सर, घरवाले पूछते हैं कब होगा," पूजा म्हणायची. "हव, होगा," एवढंच त्याचं उत्तर. मला ते पाहवेना. पोट्टीचं भविष्य आहे, इतकं ताणू नको, असं मी एकदा बोललोच. तो शांतपणे म्हणाला, "तू सळई पास करतो, तवा त्या छताखाली कोणाची पोट्टी झोपणार, हे तुले माहीत असते का?"

तो गेला त्या सकाळी शेवटची फेरी चालू होती. पाहुणे परतले, घर रिकामं झालं, तरी मागच्या खोलीतला आवाज थांबला नव्हता. फेरी संपली तेव्हा पूजा आली. मीही होतो. तिने पडद्यावर आकडे उघडले. या फेरीचं उत्तर बाकीच्यांपेक्षा बरंच खाली आलं होतं. ते धरलं की पट्टा इतका रुंद होत होता, की नेहमीचा पदार्थही त्यात येत होता. म्हणजे आपला वेगवान आहे, असं म्हणता येत नव्हतं.

"ही एक नाही धरली तर?" रंजनाने विचारलं. तिला पोरीची काळजी होती.

पूजा डोळे पुसत हसली. "मॅम, सर ऊपर से कूलर फेंक के मारेंगे."

तिने तो आकडा बाकीच्यांत मिळवला. दावा गेला. आणखी फेऱ्या लागतील, नवे मार्गदर्शक शोधावे लागतील, वर्ष जाईल, असं ती म्हणाली. मग विचारलं, "एक यहीं लगा दूँ?" रंजनाने होकारार्थी मान हलवली. पूजाने नवी फेरी सुरू केली आणि खोलीत पुन्हा तो ओळखीचा आवाज भरला.

मी कूलरमध्ये पाणी ओतलं. रंजना भिंतीला टेकून पदराने घाम पुसत होती. कूलरचं तोंड थोडं तिच्याकडे वळवावं म्हणून मी हात लावला.

"राहू द्या, दादा," ती म्हणाली.