गोमतीबाईंची इंग्रजी

राजगोपाल बारा वर्षांचा असताना कुंभकोणमला देवीची साथ आली. अंगावरचे फोड तीन आठवड्यांत वाळले, पण डोळे गेले ते गेलेच.

आजोबा तंजावरच्या राजवाड्यात दप्तराला होते. राज्य खालसा झाल्यावर ते बिऱ्हाड घेऊन कुंभकोणमला आले आणि वडील हनुमंतराव कोर्टात कारकून झाले. त्या घरात मुलगा म्हटला की तो इंग्रजी शिकणार आणि कचेरीत जाणार, हे ठरलेलं. हनुमंतरावांनी राजगोपालचं नाव शाळेतून काढलं, पुस्तकं माळ्यावर टाकली आणि हळूहळू मुलाशी बोलणंही कमी केलं.

ती पुस्तकं खाली काढली गोमतीबाईंनी, त्याच्या आईने. तिला बालबोध अक्षरंसुद्धा जेमतेम लागत. दुपारी हनुमंतराव कोर्टात असताना ती मागच्या पडवीत मुलाजवळ येऊन बसली आणि पुस्तक उघडून म्हणाली, "उभी काठी आहे. डोक्यावर आडवी काठी. हे काय रे?"

"टी," राजगोपाल म्हणाला.

"आणि ही खुर्चीसारखी?"

"एच."

आजारानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्याला काही विचारत होतं. एरवी सगळे त्याला सांगत तेवढे. इकडे बस, तिकडे पायरी आहे, हात धू. एका महिन्यात त्याने आईला सगळी अक्षरं शिकवली, न बघता. बी आणि डी मात्र तिला कधीच नीट साधले नाहीत. "पोट कुठल्या बाजूला आहे, आई?" असं तो विचारायचा, आणि ती पुस्तक डोळ्यांशी नेऊन सांगायची.

मग ती वाचू लागली. वाचायची म्हणजे एकेक अक्षर म्हणायची. तो ती अक्षरं मनात जुळवायचा, शब्द अडला की शेवटच्या पानांवरचे अर्थ तिच्याकडून तसेच अक्षर-अक्षर म्हणवून घ्यायचा. एक पान व्हायला कधी कधी अख्खी दुपार जाई. पान संपलं की गोमतीबाई पुस्तक मिटून म्हणत, "हां, आता सांग. मी काय वाचलं?"

आणि तो तिला मराठीत सांगायचा. एक जहाज उत्तरेकडे गेलं आणि समुद्रच गोठला, त्यात अडकून बसलं, ही गोष्ट त्यांनी दीड महिना वाचली. समुद्र गोठतो म्हणजे काय, हे गोमतीबाईंना काही केल्या पटेना.

"आणि माणसं काय खात होती रे?"

"ते उद्याच्या पानावर असेल."

"मग आजच थोडं वाचते," असं म्हणून तिने पुस्तक पुन्हा उघडलं होतं. त्या दिवशी संध्याकाळच्या स्वयंपाकाला उशीर झाला आणि हनुमंतराव तिला वाटेल ते बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन पडवीत हजर होती.

राजगोपाल अठरा वर्षांचा झाला तेव्हा आईनेच मॅट्रिकची गोष्ट काढली. अर्ज गेला, उत्तर आलं नाही. तेव्हा चिंचेचा भात बांधून घेऊन ती त्याला रेल्वेने मद्रासला घेऊन गेली. घराबाहेर एकटी गावाजवळच्या तिरुनागेश्वरमच्या देवळापलीकडे न गेलेली बाई. तिथल्या एका कचेरीच्या व्हरांड्यात दोघं अर्धा दिवस उभी राहिली. शेवटी एक कारकून बाहेर आला आणि तमिळमध्ये म्हणाला, "आंधळ्याने परीक्षा द्यायचा नियम नाही, अम्मा. त्याचा पेपर लिहिणार कोण?"

"तो अक्षरं सांगेल, मी लिहीन."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"एक शब्द येत नाही," गोमतीबाई म्हणाल्या. "म्हणून तर त्यात माझी लबाडी चालणार नाही."

कारकुनाने अर्जाचे कागद ठेवून घेतले. त्यांचंही उत्तर आलं नाही, आणि पुढच्या दोन अर्जांचंही आलं नाही.

मद्रासहून परतताना राजगोपाल कुंभकोणम जवळ येईपर्यंत गाडीच्या खिडकीला डोकं टेकून बसला होता. मग म्हणाला, "आता वाचायचं कशाला, आई?"

"पुस्तकातल्या त्या पोरक्या मुलीचं अर्धंच राहिलंय," ती म्हणाली. "मजला कळायला हवं की पुढे काय झालं."

त्या एका वाक्यावर त्याची पुढची वीस-बावीस वर्षं निघाली. त्याला नोकरी मिळाली नाही. लग्नाचं कुणी विचारलं नाही. हनुमंतराव वारले, घर धाकट्या भावाच्या, वरदराजच्या हाती गेलं. भावजय वेदवती त्याला विड्याची पानं निवडायला देई. कोवळं कुठलं, जून कुठलं हे त्याच्या बोटांना कळे. पण दुपार आईची होती.

पुढे गोमतीबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी सांगितलं नाही. एके दिवशी राजगोपालच्या लक्षात आलं, आई अडखळत नाही. बी आणि डी दोन्ही बिनचूक येताहेत. थोडं ऐकल्यावर त्याने ओळखलं: हे पान फार जुनं होतं, शंभरदा वाचलेलं. पुस्तक हातात धरून ती पाठ म्हणत होती.

"सांग, मी काय वाचलं?" तिने विचारलं.

राजगोपालने कुठल्याही पुस्तकात नसलेली एक नवी गोष्ट रचून सांगितली. ती नीट ऐकत होती, मध्येच हुंकार देत होती. नंतर तीन वर्षं असंच चाललं. ती तीच पानं म्हणायची, तो रोज वेगळं सांगायचा. तिला ते कळलं होतं की नाही, हे त्याने विचारलं नाही.

१९११ च्या मार्गशीर्षात ताप येऊन गोमतीबाई गेल्या.

महिना-दोन महिन्यांनी चुलतभाऊ शामसुंदर भेटायला आला. तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. "मी वाचून दाखवतो, दादा," म्हणून त्याने एक पुस्तक काढलं आणि स्वच्छ, भरभर वाचू लागला. राजगोपालला दहांतला एखादा शब्द कळला. बाकीची भाषा शाळा सुटल्यापासून त्याने ऐकलीच नव्हती. त्याची इंग्रजी सगळी सुट्या अक्षरांची होती.

"जरा हळू," तो म्हणाला. मग म्हणाला, "अक्षर-अक्षर म्हणशील?"

शामसुंदरने दोन ओळी तशा म्हटल्या. त्याला ते अवघड जात होतं, आणि थोडी लाजही वाटत असावी. "असं कोण वाचतं, दादा?" तो म्हणाला.

"राहू दे," राजगोपाल म्हणाला.

शामसुंदर पुन्हा आला तो सणावारालाच. पुस्तकांना वाळवी लागली, तेव्हा वेदवतीने विचारून ती जाळली. राजगोपालने हो म्हटलं. दुपारी तो पडवीत बसायचा, पण तिथे आता त्याला काही विचारायला कुणी येत नसे, आणि पानांची टोपली लवकर संपे.