केबल गेल्यानंतरची मॅच

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या तोंडून पहिली शिवी ऐकली ती घरातली केबल गेल्यानंतर. शिवी मला नव्हती, टीव्हीवर गरगर फिरणाऱ्या त्या गोल चकरीला होती. तरी सकाळी सकाळी, मी देवापुढे दिवा लावत असताना, घरात शिवी म्हणजे शिवीच.

त्यांना बास्केटबॉलचं वेड. मावळातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरीला लागला, आणि उंची बघून तिथल्या टीमने त्याला उचललं. त्याआधी यांनी तो खेळ डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पुढे निवृत्तीपर्यंत लोणावळ्याहून डेपोत जायचं, ड्यूटी संपली की मैदानावर, आणि घरी यायचं ते घामाने भिजून. गुडघे गेले तेव्हा खेळ सुटला आणि टीव्ही सुरू झाला. अमेरिकेतल्या लीगच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी लागतात. मी पोळ्या लाटायची, ते चहाचा कप घेऊन खुर्चीच्या टोकावर बसायचे. तेवढा वेळ घरात कोणी कोणाला काही मागत नसे.

मग यांना काचबिंदू निघाला. कळलं तेव्हा डावा डोळा गेल्यातच जमा होता. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उजवा सांभाळायचा. थेंब चुकवायचे नाहीत, तपासणी टाळायची नाही, आणि दिसण्यात जरा जरी फरक वाटला तरी त्याच दिवशी यायचं. हा आजार दुखत नाही, म्हणून माणसं गाफील राहतात, असंही म्हणाले. परतताना गाडीत मी रडले. हे म्हणाले, "रडतीस काय? एक डोळा बास हाये मॅच बघायला."

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला. खांबावरच्या वायरी काढून नेल्या आणि सांगून गेला, आता सगळं नेटवर दिसतं काकू. दिसतं म्हणे! एक ॲप घेतलं तर मॅच दुसऱ्यावर. दुसरं घेतलं तर त्यावर आधल्या दिवशीचे तुकडे. तिसऱ्यावर ऐन वेळी पाटी यायची, हा सामना तुमच्या भागात उपलब्ध नाही. आमचा भाग काय चंद्रावर आहे? शनिवार-रविवारी तर विचारूच नका. धबधबे आणि पॉइंट बघायला आलेल्या पोरांच्या मोबाईलनी सगळं नेटवर्क खाऊन टाकलेलं असायचं. शेवटी खांबावरून घरापर्यंत नेटची वायर ओढून घेतली, तर तिच्यावर माकडं झोके घ्यायला लागली. खंडाळ्याच्या बाजूची एक टोळी तर आमच्याच वायरीवर का येते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

नेटच्या कंपनीतल्या बाईशी फोनवर भांडायचं काम माझ्याकडे होतं. ती हिंदीत गोड बोलायची, मी मराठीत कडू. "मॅम, राऊटर बंद करके चालू कीजिए." अगं बाई, ते मी काल केलं, परवा केलं, आता काय त्याची आरती करू?

त्या हिवाळ्यात त्यांची नवी तक्रार सुरू झाली. "चित्र धूसर येतंय गं."

नेट मंदावलं की चित्राचे चौकोन चौकोन होतात, हे मीही पाहिलेलं होतं. त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. मी फोन लावला. काही दिवसांनी म्हणाले, "बाजू कापून येत्यात. मधलंच तेवढं दिसतंय, कडंची मान्सं कुटं जात्यात कळत न्हाई." मी पुन्हा फोन लावला आणि बजावलं, आम्हाला पूर्ण चित्र पाहिजे, कापलेलं नको. मेकॅनिक आला. त्याने रिमोटवर बटणं दाबून चित्र रुंद केलं, मग अरुंद केलं, मग पुन्हा रुंद केलं. "आता बघा आबा."

"व्हय, आता बरं हाये," हे म्हणाले.

मला चित्र आधीही तसंच दिसत होतं आणि नंतरही तसंच. पण मला त्या खेळातलं कळतं काय? उंच माणसं या टोकाकडून त्या टोकाला पळतात, एवढंच. मी विचारायची, डोळा ठीक आहे ना? "डोळा बेस हाये. नेट बघ तू." तपासणीची वेळ आली की गुडघा उचल खायचा. एवढ्या लांब जायला नको, गाडीत बसवत नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ. फिरायला जाणंही त्याच गुडघ्यापायी बंद झालं. घरात मात्र ते सरावाने वावरत होते. कपाट, दार, न्हाणीघर, सगळं अंगवळणी पडलेलं. मला संशय यायला जागाच ठेवली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर शिव्या थांबल्या. चकरी फिरो न फिरो, हे आपले शांत. मला वाटलं, वय झालं, स्वभाव निवला. शेजारणीला तर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, भांडून भांडून नेट सुधारून घेतलं बघा.

तो रविवार होता. लीगची शेवटच्या टप्प्यातली मॅच, यांचा आवडता संघ खेळत होता. बाहेर हायवेवरून गाड्यांची रांग गावात शिरलेली, म्हणजे नेटचं काय होणार हे ठरलेलंच. मी कणीक मळत होते. पडद्यावर एक खेळाडू उंच उडाला, हात वर, चेंडू बोटांच्या टोकावर, आणि चित्र तिथेच थांबलं. आवाज मात्र चालू राहिला. असं होतं कधी कधी. समालोचक ओरडत होता, लोक आरडाओरडा करत होते, आणि तो बिचारा हवेतच लटकलेला. मी शिवीची वाट पाहत होते.

हे पुढे सरकले. मांडीवर थाप मारली. "आरं जा की! गेला बघ, आतून गेला!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. तो खेळाडू होता तिथेच होता.

"नीट दिसतंय ना?" मी विचारलं.

"एकदम. आज नेट लय झ्याक हाये."

कणकेच्या हाताने मी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. ते तसेच बसून राहिले, मान जराशी कलती करून. "का गं, बंद केलास व्हय?"

"अहो," मी म्हणाले, "चित्र मघापासून थांबलंय."

कप खाली ठेवायला त्यांनी हात नेला, तो आधी स्टुलाच्या कडेला लागला, मग चाचपत चाचपत वर गेला. ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं आणि मला असा संताप आला की हातातला रिमोट भिंतीवर फेकावासा वाटला. "कधीपासून?" मी ओरडले. "माणसं मेली होती का घरातली? सांगायला काय झालं होतं?"

"मला आदी खरंच नेट वाटलं," ते म्हणाले. "मंग वाटलं, डाक्टरकडं गेलो तर ते डोळाच म्हननार. न्हाई गेलो तवर नेटच हाये."

डेपोच्या टीममध्ये असताना एकदा मोडलेलं बोट घेऊन अख्खी स्पर्धा खेळले होते. दुखलं म्हणून सांगितलं की बाहेर बसवतात. हे त्यांनीच मला लग्नानंतर हसत हसत सांगितलं होतं, आणि मीही हसले होते.

दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. उजेड आणि सावल्या कळत असतील, म्हणाले. गेलेलं परत येत नाही. थेंब चालू ठेवा. येताना गाडीत घोरावाडी स्टेशन गेल्यावर त्यांनी विचारलं, आलं का तळेगाव. मी हो म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

नेट आता खरोखर सुधारलंय. नवी वायर भिंतीच्या कडेने नळीतून आणली, माकडांना सापडत नाही. चित्र इतकं स्वच्छ येतं की खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. मला तो बघवत नाही, पण बघावा लागतो, कारण सकाळी मॅच लागली की मी सांगायची आणि त्यांनी ऐकायचं, असं आमचं ठरलंय. इंग्रजी समालोचन त्यांना कधीच पुरतं कळलं नाही. मीही अडाणीच. पण कोण कुणीकडे पळाला, कोणी टाकला, गेला की नाही, एवढं सांगता येतं. मी चुकले की आवाजावरून ते दुरुस्त करतात.

परवा मी असंच सांगत होते. एक खेळाडू पाय मुरगळून पडला, त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं. तो बाकावर बसला आणि त्याने टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मी सांगायला तोंड उघडलं आणि सहज यांच्याकडे नजर गेली. चेहरा टीव्हीकडे नव्हता, माझ्या आवाजाकडे होता, पुढचा शब्द येईल म्हणून वाट बघणारा. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. पडद्यावर मॅच पुन्हा सुरू झालेली, पळापळ चाललेली.

त्यांनी विचारलं, "अडाकलं का गं?"

"हो," मी कशीबशी म्हणाले. "अडकलंय जरा."

"येऊ दे सावकाश," ते म्हणाले. "मला कुटं जायाचंय."