चाळीस दिवसांचा खोटा उपास

“किती दिवसांत किती वजन उतरवलंत?” सोनोग्राफीचा कागद हातात धरून डॉक्टरांनी विचारलं.

मी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. बरगड्यांखालून कळ उठत होती आणि थेट पाठीत जात होती. सकाळी चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारच्या मिस्सेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या प्रार्थनेला, हातात झावळी धरून उभी असतानाच ती सुरू झाली होती. “पाच आठवड्यांत अकरा किलो,” मी कसंबसं म्हटलं.

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई चटकन म्हणाल्या, “उपास हाय तिचा, डाक्टर. ईस्टरपर्यंत धरलाय.”

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “तुम्हाला अ‍ॅक्यूट पॅन्क्रिअटायटिस झालाय.” म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. वजन झपाट्याने उतरलं की यकृत पित्तात जादा कोलेस्टेरॉल सोडतं, आणि पोटात नीट अन्नच जात नसल्याने पित्ताशय रिकामं होत नाही. साचलेल्या पित्ताचे खडे होतात. माझा एक खडा घसरून नळीत, स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला होता. “जिवावर बेतू शकतं,” ते म्हणाले, आणि मला आयसीयूत हलवलं.

माझा तो उपास खोटा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

मी वसईजवळ होळी नावाच्या गावात राहते. घरामागे केळीची आणि भाजीची वाडी, ओटीवर माझं शिलाई मशीन. वय त्रेचाळीस, मुलं दोन. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नं होत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला की लग्नांची रांग लागते आणि त्याआधी माझ्याकडे ब्लाउजांचा ढीग. ‘उद्याच पाहिजे’ म्हणणाऱ्या सगळ्या माझ्याकडे येतात. अर्जंट काम घ्यायची मला खोडच आहे.

त्या वर्षी ईस्टरनंतर माझ्या नणंदेचं, लव्हिनाचं लग्न होतं. जानेवारीत तपासणीत मला फॅटी लिव्हर निघालं होतं, म्हणजे यकृतात चरबी. हळूहळू वजन कमी करा, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हळूहळू कुठलं ऐकते! चौऱ्याऐंशी किलोची मी. ओळखीच्या एका बाईकडून पावडरचा डबा आणला आणि राखेच्या बुधवारपासून, म्हणजे कपाळाला राख लावून उपासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून सुरुवात केली. दिवसातून दोनदा पाण्यात पावडर, एक काकडी, बिनसाखरेचा चहा. बस्स.

घरात कुणी प्रश्न विचारू नये म्हणून त्याला उपासाचं नाव दिलं. आणि खरंच कुणी विचारलं नाही. माझ्या सासूबाई माहेरच्या वसई किल्ल्याकडच्या कोळणी, मांजरालाही जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. त्यासुद्धा गावभर सांगत सुटल्या, माझी सून बघा कसा कडक उपास करते. केस मुठीने गळत होते, उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण टेप दर आठवड्याला कमी आकडा दाखवत होती आणि मला तेवढंच दिसत होतं. लग्नाचं ब्लाउज मी चालू मापाचं बेतलंच नव्हतं. ईस्टरपर्यंत जे माप व्हायला हवं होतं, त्याचं बेतलं होतं.

हॉस्पिटलात माझ्या डोक्याशी पाटी लावली: एनबीएम. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. तीन दिवस नुसतं सलाईन. जीभ टाळूला चिकटायची. पाच आठवडे मी उपासाचं सोंग केलं होतं, आता खरा भोगत होते. माझा नवरा सिरिल बाहेरच्या बाकावर रोझरीची माळ घेऊन बसलेला असायचा. दार उघडलं की आत येणाऱ्या प्रत्येक नर्सला तो एकच विचारायचा, “वाचेल ना?”

वाचले. खडा आपसूक पुढे सरकला, सूज उतरली, मग दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याला लॅपरोस्कोपी म्हणतात, पोटावर चार लहान छेद असतात. ईस्टर वॉर्डातच गेला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते ब्लाउज घातलं. हूक लागले, कमरेला चपखल बसलं. समोर मात्र कटोऱ्यांना चुण्या पडल्या, आत काही उरलंच नव्हतं. छाती रिकाम्या पिशवीसारखी खाली आली होती. हात वर केला की दंडाची कातडी लोंबत होती. दाराला कडी घालून मी हमसून रडले. ज्याच्यासाठी मरायला टेकले, ते हे असं होतं. लग्नात पॅड भरून, ऐन उकाड्यात खांद्यावर शाल घेऊन उभी राहिले. “काय गो बारीक झालीस!” बायका कौतुकाने म्हणायच्या आणि मला त्यांना चावावंसं वाटायचं.

सिरिलसमोर कपडे बदलणं मी सोडून दिलं. तेल चोळलं, मोबाइलवर बघून बर्फ फिरवला, छाती घट्ट करणारं क्रीम लावलं. कशाचा काही उपयोग झाला नाही. त्यात वखवखल्यासारखी भूक सुटली. पावसाळा संपेपर्यंत वजन अठ्ठ्याहत्तरवर. सगळं पोटावर चढलं, छाती होती तशीच राहिली. जीव वाचला त्याबद्दल देवाचे आभार मानायचे सोडून ही बाई छातीसाठी रडते, असं लोक म्हणतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुमच्यापैकी कुणी अशीच गप्प बसली असेल, तिच्यासाठी हे लिहितेय. हे रडणं उथळ नाही गं. आंघोळ करताना स्वतःच्या अंगाला हात लावायला नको वाटतं, त्याला मी तरी आजारच म्हणते.

शेवटी पुढच्या तपासणीला धीर केला. आहार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, “कातडी आणि छाती परत पहिल्यासारखी होईल?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “पूर्ण नाही. स्तनात स्नायू नसतो. चरबी, ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे पातळ पट्टे असतात, लिगामेंट्स. ते मालिशने आखडत नाहीत. मागचा छातीचा स्नायू मात्र व्यायामाने भरतो. तुम्ही उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूही घालवलेत. आता आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. प्रत्येक जेवणात प्रथिनं. कातडीला आवळायला वेळ द्या. चाळिशीनंतर, दोन बाळंतपणांनंतर कुणी पूर्ण हमी देत असेल, तर त्याला काहीतरी विकायचंय.”

अर्धा किलो! आठवडाभर राबून अर्धा किलो! मला शरम वाटली आणि रागही आला.

पण केलं. सकाळी अंडी, दुपारी मुगाची उसळ नाहीतर मांदेलीचं कालवण, एकच भाकरी, रात्री दही. भिंतीला हात टेकून दंड. पहिल्या दिवशी चारच निघाले. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायचे, संध्याकाळी वाडीच्या कडेने चालायचे. दुनियेची मापं घेणारी मी, स्वतः वर्षानुवर्षं चुकीच्या मापाची ब्रा घालत होते, तीही बदलली. काही आठवडे काटा हलायचाच नाही. तेव्हा रिळांच्या खोक्यामागे ठेवलेला पावडरचा डबा आठवायचा. तो मी टाकला नव्हता.

उपासकाळाच्या तोंडावर येणाऱ्या कार्निव्हलपर्यंत सत्तर किलो झाले. दंडांची कातडी पुष्कळ आवळली, खांदे मागे गेले. पोटाची कातडी थोडी सैलच आहे. छाती वर आली नाही, पण तिच्याखाली आता हाताला भरीव लागतं.

आणि पुन्हा राखेचा बुधवार आला. त्याआधीचे तीन आठवडे काटा सत्तरवरच अडला होता. कपाळावर राख घेऊन मिस्सेहून परतले आणि सासूबाईंना म्हटलं, “आई, आज मी काही खाणार नाही. उपास आहे.” मग ओटीवर जाऊन खोक्यामागे हात घातला. डबा नव्हता.

सासूबाई मागोमाग आल्या. हातात बशी, बशीत दोन उकडलेली अंडी. त्यांच्या कपाळावरही राख होती.

“गेल्या वर्साला पन असंच बोललीस,” त्या म्हणाल्या. “मी डबा तवाच पायलेला. आज टाकून दिला. पन लोक तुजं चांगलं बोलत व्हते, मना गोड वाटत व्हतं. गप रायले. तू मरत व्हतीस नि मी डाक्टरसमोर पन खोटं बोलले. फादरकडं कुमसार करून, पाप कबूल करून आले मी त्याचा, पन तुला नव्हतं सांगितलं.” त्यांनी बशी मशीनवर ठेवली आणि समोर स्टूल ओढलं. “आता खा. माज्यासमोर खा.”

मी पहिलं अंडं तोंडात घातलं. दुसरं संपेपर्यंत त्या समोरून उठल्या नाहीत.