मामा आणि रशियन

आमच्या शेजारच्या मामांइतका नशीबवान, आणि मिळालेल्या नशिबाची इतकी कमी कदर असलेला माणूस अख्ख्या सिल्वासात सापडायचा नाही. मूळचे धुळ्याकडचे, आमलीतल्या सुताच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा: रिक्षावाल्यांचे, भाजीवालीचे, खानवेलच्या बसच्या कंडक्टरचेसुद्धा. त्यांच्या एकेका वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी फुगडी घालतात. ओळखदेख नसलेल्या माणसाशी ते तासभर बोलतील. समोरच्याला काय कळलं याची फिकीर शून्य.

मी इथल्या शाळेत मास्तर. मुंबईत कॉलेजात असताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकलो. मॉस्कोला जायचं अगदी पक्कं होतं. वडील आजारी पडले, मिळाली ती नोकरी धरली आणि आलो इथे. सिल्वासात रशियन बोलणार कोणाशी? आंघोळ करताना एकटाच बोलायचो. बायकोला वाटे, स्तोत्र म्हणतोय. जिवंत रशियन माणसाच्या तोंडून रशियन ऐकायचं तेवढं राहूनच गेलं.

आणि नव्वदनंतर कधीतरी मामा-मामी अमेरिकेला गेले, लेकीच्या बाळंतपणाला. मामी बाळात गुंतल्या, मामा दिवसभर घराबाहेर. आणि लेकीची वस्ती निघाली सगळी रशियन! दुकानात रशियन, बसस्टॉपवर रशियन, जिन्यातली भांडणंही रशियन. "सर, इंग्रजी लागलीच नाही! चाय मागितली, चाय मिळाली. साखर म्हटलं, साखर दिली. आपलीच भाषा हो, जरा सर्दी झालेली." पहिल्याच दिवशी बागेत एक पोरगं "मामा! मामा!" ओरडलं. हे छाती फुगवून धावले, "काय रे भाच्या?" पोरगं किंचाळून आईला बिलगलं. रशियनमध्ये मामा म्हणजे आई, हे त्यांना इथे परत आल्यावर मी सांगितलं. मामा खो-खो हसले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ते पोराचं रडणं, ती आईची समजूत, सगळं अस्सल रशियन, आणि ऐकायला कोण, तर हे! वर आमलीच्या पानवाल्यालाही यांनी 'खराशो' शिकवलं, म्हणजे छान. मेला तो पानवालाही उच्चार माझ्यापेक्षा बरा करतो. मी नुसता जळून खाक.

एका रविवारी चहा पिताना मामा म्हणाले, "बागेत एक म्हातारी होती, सर. रोज बाकावर माझ्याशेजारी बसायची. ती तिचं बोलायची, मी आपलं. मधेच हसायची, मधेच डोळे पुसायची."

"काय बोलायची?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काय माहीत! 'दा' म्हणजे हो, तेवढं कळलं होतं. मी आपला दा, दा करायचो."

या माणसाचे कान उपटून माझ्या डोक्याला लावावेत, असं वाटलं मला.

"निघताना मात्र रोज एकच वाक्य. झाफ्त्रा प्रिखदी. शेवटच्या दिवशीपण तेच. मी इंडियाला चाललो, हे मराठीत सांगितलं हो तिला. म्हणजे काय ते?"

इतक्या वर्षांत सिल्वासात मला कोणी रशियनचा अर्थ विचारला नव्हता. मी ऐटीत सांगून टाकलं, "उद्या ये. 'या' नव्हे हां, 'ये'. घरच्या माणसाला म्हणतात तसं."

मामांनी ओठाशी नेलेली बशी खाली ठेवली. बशीतला चहा तसाच निवत राहिला, आणि आपण हे सांगायला नको होतं असं मला वाटायला लागलं.

"अरेरे," ते हळूच म्हणाले. "मी तर दा, दा म्हणून आलो, सर."