सनईनंतरची जाहिरात

मोटारसायकलचं फाटलेलं सीट शिवायला मी चौसाळ्याला थांबलो होतो. शिवणारा पन्नाशीचा, अबोल माणूस. मशीनशेजारी आपल्या भागातलं रेडिओ स्टेशन मोठ्यानं लावलेलं. सनई सुरू झाली आणि त्यानं पायडलवरचा पाय काढला. सुई सीटमध्ये तशीच रुतलेली. बोटं मात्र मांडीवर ठेका धरू लागली.

"काय झालं?" मी जरा वैतागूनच विचारलं.

"हे वाजवणारं म्हातारं दवाखान्यात हाय. ह्यांच्या मागं मी लग्नात संबळ वाजवायचो."

"मग त्यांच्या घरी फोन करून विचारा की."

"हिंमत व्हत न्हाई, साहेब. ह्या स्टेशनची एक रीत हाय. माणूस जिता आसला की एक वाजवतेत अन् जाहिरात लावतेत. गेला की मधी जाहिरात न्हाई. लागोपाठ दुसरं वाजवतेत, नाव मागून सांगतेत."

सनई संपली. त्याचं बोट हवेतच थांबलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडून कपाशीच्या बियाण्याची जाहिरात सांगू लागलं. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि हसून पायडल दाबलं. बियाण्याची जाहिरात ऐकून इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा घरी दाढी करताना त्याच स्टेशनवर तीच सनई लागली. संपली. वस्तरा गालावर धरून मी जाहिरातीची वाट पाहत राहिलो.

सनईच पुन्हा सुरू झाली. चौसाळ्यात मशीन थांबलेलं असणार.